उन्हाळी संघाची चौकशी

जळगावच्या स्टँडवर बस लागली तेव्हाच मी तेजसला बजावलं, "बॅगेतलं सगळं बाहेर काढायचं नाही. दोन दिवसांत माझ्याबरोबर परत यायचंय असं समजूनच चल." तो हसला आणि माझी पिशवी वर फळीवर ठेवून खिडकीशी बसला. हा मुलगा कशालाही हसतो, म्हणून तर त्याच्यासोबत मला जावं लागलं.

तेजस माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नुकताच पदवीधर झालेला, उंच, आणि बेसबॉल खेळणारा. बेसबॉल म्हणजे काय हे मला आजही धड सांगता येणार नाही. एकानं कातडी चेंडू जीव खाऊन फेकायचा, समोरच्यानं दांडक्यानं तो हाणायचा आणि मग चौकोनाच्या कोपऱ्यांना शिवत पळायचं. फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि आमचा तेजस पिचर. छत्रपती संभाजीनगरहून कोणा पाठक सरांचा त्याला फोन आला होता. दर उन्हाळ्यात ते गावोगावची पोरं जमवून संघ बांधतात. राहणं फुकट, जेवण फुकट, आणि त्यांच्या मैदानावर घडलेला एकजण म्हणे आज परदेशात पगारी संघात खेळतोय.

नेमकी त्याच आठवड्यात तेजसला जळगावातल्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. दोन्ही काही जमणार नव्हतं. बहीण रडकुंडीला आली. "ताई, तू जाऊन बघून ये. तू सांगशील तसं करू," म्हणाली. माझा सगळा जन्म शाळेत गेला, आणि परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून माझं नाव ऐकलं की मुलं चिठ्ठ्या गिळायची. फुकट हा शब्द ऐकल्यावर माझे कान टवकारले नसते तरच नवल.

फर्दापूर मागे पडलं, अजिंठ्याचा घाट चढलो आणि वर आलो तर सगळीकडे नुसता भगभगीत उजेड. वावरांत (शेतांत) कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, विहिरींच्या कडेला पाण्याची वाट बघत उभे असलेले टँकर, आणि रस्त्याकडेच्या लिंबांवर धुळीचा थर. हिरवं म्हणून दिसत होतं ते एका लग्नमंडपाचं कापड. तेजस मोबाईलवर मला त्या पगारी खेळाडूचं चित्र दाखवत होता. टोपी नाकापर्यंत ओढलेली, अंगातल्या शर्टावर कुठल्या तरी लिपीतली अक्षरं. हा संभाजीनगरचाच कशावरून? मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाक तर कुणाचंही असू शकतं.

सिल्लोडला बस थांबली. मी पाण्याची बाटली घेतली आणि झाकणाचं सील फिरवून बघू लागले. विकणारा पोक्त माणूस होता. तो म्हणाला, "मौसी, सील बराबर है. पन तुमको भरोसा नक्को तो चाय पियो, वो तुम्हारे सामने उकलती." मी दोन्ही घेतलं. चहा उत्तम होता, हे कबूल केलं पाहिजे.

शहरात शिरता शिरता दुपार झाली. मी पूर्वी आले होते तेव्हा फुलंब्रीकडून येताना शहर एकदम सुरू व्हायचं. आता ते कितीतरी आधीपासून सुरू होतं. रिकाम्या माळावर मधेच दहा मजली इमारत, तिच्या गच्चीवर काळ्या टाक्या, खाली निळ्या पिंपांची रांग. आमचे रिक्षावाले सलीमभाई बोलके निघाले. इथं घर घेणं सोपं आणि नळाला पाणी येणं अवघड, आठवड्यातून एकदा आलं तरी पोरं नाचतात, असं त्यांनी ऐकवलं. पाठक सरांचं मैदान ठाऊक आहे का, म्हटलं, तर म्हणाले, "वो तालाब? मालूम ना. उधर पानी नै, पोट्टे हैं."

मैदान म्हणजे खरोखरच आटलेलं तळं. काळी माती भेगाळून वाळलेली, मधला भाग रोलर फिरवून सारखा केलेला, आणि बांधावर एक पत्र्याची खोली. तिच्या भिंतीवर रंगानं लिहिलं होतं, सोपान, आणि खाली तेच टोपीवालं चित्र. पाठक सर चपला हातात घेऊन धावत आले. साठीचे, काटकुळे, शर्टाच्या खिशात शिट्टी. "या ताई, या. प्रवास झेपला ना?" असं म्हणत त्यांनी आधी तेजसचा उजवा हात हातात घेतला आणि कोपर दाबून पाहिलं. बाजारात बैल बघतात तसं ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

"मुलं राहतात कुठं?" मी विचारलं.

"समोरच्या वसाहतीत. एकेका घरी एकेक."

"आणि जेवण?"

"वार लावलेत," सर अभिमानानं म्हणाले.

मी बघतच राहिले. आमच्या आजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ती पद्धत बेसबॉलला? सर म्हणाले, त्यांचे आजोबा असेच शिकले, भिक्षुकी सोडून कारकून झाले. खेळाडूंना पोसायला पैसा कुठून आणायचा? मग त्यांना आजोबा आठवले. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, आजच्या काळात परक्या पोराला कोण फुकट जेवू घालतं? यात काहीतरी पाणी मुरतंय.

आणि पाणीच निघालं! संध्याकाळी आम्ही तेजसचा वार होता त्या पुष्पाताईंच्या घरी गेलो, तर खाली टँकर आलेला आणि सगळा उन्हाळी संघ खांद्यावर कॅन घेऊन जिने चढतोय. लिफ्ट बंद. आमचा तेजसही कधी त्यांच्यात मिसळला कळलं नाही, चौथ्या मजल्यावर घामाघूम भेटला. म्हणजे जेवणाचा मोबदला हा! खेळाडू नव्हे, पाणके जमवलेत या गृहस्थानं. मी सरांना तिथंच धरलं.

"हे बेसबॉल आहे का?"

"खांद्याला याच्यासारखा दुसरा व्यायाम नाही, ताई," सर शांतपणे म्हणाले. "आणि घरात पोरगं कामाला आलं की बाई दुसरी भाकरी न मागता वाढते."

पुष्पाताईंनी ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) आणि कैरीचा तक्कू वाढला. आमटी इतकी फक्कड होती की दोन वाट्या प्यायले आणि मग स्वतःवरच चिडले. मी त्यांना आडून आडून विचारलं, हे सर माणूस कसे? "कसे म्हणजे? वेडे आहेत," त्या म्हणाल्या. "पेन्शन चेंडूंवर उडवतात. बायकोनं बोलणं टाकलंय." वेडा माणूस लबाड नसतो असं थोडंच आहे? खरं काय ते एकाच ठिकाणी कळणार होतं. सोपानचं घर बिडकीनला आहे, असं बोलता बोलता सरांच्याच तोंडून निघालं होतं. मी त्यांना न सांगता तिकडे जायचं ठरवलं.

सकाळी इरकल नेसले, वाटेत पेढे घेतले. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना मोकळ्या हातानं जायची आम्हाला सवय नाही. सलीमभाईंची रिक्षा पैठण रस्त्यानं निघाली. बिडकीनच्या अलीकडे नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते लागले. काय ते रस्ते! आमच्या जळगावची अख्खी बाजारपेठ मावेल एवढे रुंद, दुतर्फा दिवे, आणि वर चिटपाखरू नाही. एका बाजूला कुंपणात उभे राहणारे कारखाने, दुसऱ्या बाजूला त्याच कुंपणाला तोंड लावून वाळकं गवत ओढणाऱ्या शेळ्या. सलीमभाईंनी रिक्षा थांबवून एका मेंढपाळाला सोपानचं घर विचारलं. त्यानं आधी मला नखशिखान्त न्याहाळलं, पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं आणि मग हसून वाट दाखवली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

घर गावाच्या कडेला. नवी स्लॅबची खोली, शेजारी मेंढ्यांचा वाडा, तो रिकामा. अंगणात बाजेवर धोतर पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. सोपानची आई गयाबाई माझ्याच वयाची, सुरकुतलेली, डोळे मात्र तरतरीत. नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या पल्याड चाऱ्याला गेलेला. मी म्हटलं, "जळगावहून आलेय. पाठक सरांकडून तुमच्या मुलाबद्दल कळलं. म्हटलं, घरी येऊन भेटावं." कॉपी पकडायची तर आपला हेतू आधी सांगायचा नसतो, ही माझी जुनी शिस्त.

तिनं डोक्यावर पदर ओढला. "बसा की ताई. लांबून आल्यात." पाणी आलं, चहा आला, मग ताटलीत गरम शिरा आला. या दुष्काळात अनोळखी बाईला साजूक तुपातला शिरा? मी चमचा हातातच धरून बसले.

"मुलगा किती शिकला?"

"बारावी. फुडंबी शिकणार व्हता."

"व्यसन वगैरे?"

"सुपारीचं खांड न्हाई खात. देवाशपथ."

"पगार वेळेवर होतो?"

"व्हय, येळच्या येळेला. घर त्यानंच बांधलं."

"आणि काम काय करतो नेमकं?"

गयाबाईनं पदर पुन्हा सारखा केला. "कंपनीत हाय. सुपरवायजर."

सापडलं! मी सहज आवाजात म्हटलं, "सर तर म्हणाले, तो बेसबॉल खेळतो."

तिचा चेहरा पार उतरला. "न्हाई वो! खेळत-बिळत नाय. ल्हान व्हता तवा खेळायचा, सोडलं ते कवाच. सरांनी अजून काय काय सांगितलं तुमाला?" आता तीच माझ्याकडे संशयानं बघत होती. मी पेढे दिले, निरोप घेतला. निघताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "पोरगं लई गुणाचं हाय, ताई. दुसऱ्याचं ऐकू नका." कुठं उतरलात हेही तिनं विचारून घेतलं. मी सांगितलं, पाठक सरांच्या मैदानासमोर. खोटं बोलायची मला सवय नव्हती.

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात बहिणीला सगळं सांगून टाकलं. ढळढळीत फसवणूक. सख्खी आई सांगतेय, मुलगा कंपनीत आहे, आणि हा माणूस भिंतीवर त्याचं नाव रंगवून पोरं गोळा करतोय, पाणी वाहून घेतोय. संतापानं माझं डोकं उठलं होतं.

मैदानावर पोचताच मी सगळ्यांसमोर सरांना झापलं. ते ऐकत राहिले, मग त्यांना हसू फुटलं, आणि माझ्या साडीकडे नजर गेल्यावर ते हसू विरलं. ते खाली बांधावर बसले.

"ताई, तुम्ही हे नेसून गेला होतात? पेढे घेऊन? आणि शिक्षण, व्यसन, पगार असं विचारलंत?"

"मग?"

"अहो, गयाबाईला वाटलं तुम्ही मुलीकडच्या. स्थळाची चौकशी करायला आलात." सरांनी कपाळ पुसलं. "सोपान खेळतो म्हटलं की मुलीकडचे उठून जातात. खेळतो म्हणजे रिकामटेकडा. किती स्थळं मोडली त्याची. तेव्हापासून घरच्यांनी 'कंपनीत आहे' असंच सांगायचं धरलंय."

माझा विश्वास बसला नाही. पकडलेल्या प्रत्येक मुलाकडे कारण तयार असतं, हे मी जन्मभर बघत आले. तेजसला म्हटलं, "बॅग भर. उद्या सकाळची बस." तो पहिल्यांदाच हसला नाही. "मावशी, तू पाणी बघितलंस, जेवण बघितलंस, बिडकीनला जाऊन आलीस. मला चेंडू टाकताना तेवढं बघितलं नाहीस," असं म्हणून तो निघून गेला. मला राग आला आणि वाईटही वाटलं. पण बस ती बस.

सकाळी मी बॅगा घेऊन बांधावर आले, तर पत्र्याच्या खोलीपाशी गयाबाई उभी. हातात पिशवी. पहिल्या गाडीनं आली असणार, चेहरा ओढलेला होता. मला बघताच पुढं आली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, काल मी खोटं बोलले. पोरगं खेळतंय. तकडं लई लांब, आपल्या आधी दिवस उगवतो तिथं. पगार बी खेळाचाच. डोळ्याला डोळा लागला नाय माझा. सून खोट्यावर आणायची आन् तिनं जलमभर मला तोंडावर म्हणायचं, हे नगं. तुमच्या पोरीला समदं खरं सांगा. मंग न्हाई म्हणाली तर न्हाई."

सर मागे उभे होते. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. ही बाई मुलाचं स्थळ हातचं घालवायला तयार होऊन आली होती, आणि स्थळ मुळात नव्हतंच.

"मुलगी नाही, गयाबाई," मी म्हटलं. "मला मुलगीच नाही. मी फक्त बघायला आले होते, सोपान खरंच खेळतो का ते. या माझ्या भाच्याला इथं ठेवायचं का, ते ठरवायचं होतं. माझं चुकलं. कालच सांगायला हवं होतं."

ती मटकन बांधावर बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी शेजारी बसले.

"म्या रातीच त्याला फोन लावला व्हता," ती हळूच म्हणाली. "सांगितलं, जळगावची मान्सं आल्ती. लई हरखला."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे बघा. थोड्या वेळानं म्हणाली, "कंपनीचं उगंच न्हाई म्हणलं, ताई. आमचं वावर कंपनीत गेलं. मंग पोरगं बी कंपनीत गेलं म्हणलं तर कुनाला खोटं वाटंल?"

सरांनी शिट्टी मारली. मुलं मैदानावर उतरली. येताना प्रत्येकानं आपापल्या घरून बादलीभर आंघोळीचं, भाजी धुतलेलं पाणी आणलं होतं, ते पिचरच्या जागेवर ओतून त्यांनी धूळ बसवली. तेजस बॅग भरलेली असूनही त्या ओल्या मातीवर जाऊन उभा राहिला. त्यानं गुडघा छातीशी आणला, हात पार मागं नेला आणि चेंडू सोडला. मला चेंडू दिसलाच नाही. पलीकडच्याच्या हातमोज्यात फाडकन आवाज झाला तेवढा ऐकला. दांडकंवाला दांडकं न हलवता उभाच.

"आगंबाया!" गयाबाई उठून उभी राहिली. "आमचा ह्योच खेळ खेळतो?"

"हाच. पिचर आहे तोही," सर म्हणाले.

"फोनवर निस्तं तोंड दिसतं त्याचं. खेळ कवा बघितला नव्हता." तेजसनं दुसरा चेंडू टाकला, तिसरा टाकला. ती प्रत्येक वेळी दचकत होती आणि पुन्हा बघत होती. मी तर पापणीही हलवली नाही. हा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत वाढला आणि त्याच्या अंगात हे आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

"ह्याला हितं ठिवणार का, ताई?" तिनं विचारलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू? पोरगं सुखात हाय माझं. एकटं हाय." तिनं तेजसकडे बघत डोळे पुसले. "पर सुखात हाय."

मी तिथूनच बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, आमटीपासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत. ती विचारत राहिली, "ताई, नक्की ना? नोकरी जाईल गं." मी म्हटलं, जाऊ दे. माझा स्वतःच्या आवाजावर विश्वास बसत नव्हता. तेजसनं मला सगळ्यांसमोर उचलून गरकन फिरवलं. पाठक सर "खांदा, खांदा सांभाळ!" म्हणून ओरडत होते. गयाबाईनं पिशवी माझ्या हातात दिली, तीत कुरडया होत्या. मी नको नको म्हणत होते, पण ती म्हणाली, मुलीकडच्यांसाठी आणल्या होत्या, आता तुम्हीच खा. सलीमभाईंनी तिला बिडकीनच्या गाडीवर सोडलं आणि मला स्टँडवर.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक भुसावळच्या बाई बसल्या. नीटनेटक्या, बोलायला गोड. फुलंब्री यायच्या आत त्यांनी मला डब्यातलं धिरडं दिलं आणि स्वतःच्या पुतणीबद्दल सांगितलं. एम.कॉम. झालेली, स्वभावानं शांत, उंच. घरात तिच्या लग्नाचं बघत होते. खिडकीबाहेर पुन्हा तीच भगभगीत वावरं मागं पळत होती. मला वाटत होतं, मी बरोबर केलं. या प्रवासात मी चौकशी करायला गेले आणि माझीच झाली, पण मुलाला त्याच्या जागी सोडून आले. मनाला फार बरं वाटत होतं.

"एकट्याच कशा?" बाईंनी विचारलं.

"भाच्याला सोडून आले."

"अरे वा! किती वर्षांचा? उंच आहे का?"

"एकवीस. चांगला उंच आहे."

"काय करतो?"

बस घाटाकडे वळत होती. सगळं खरंखुरं माझ्या जिभेवर होतं, दोन शब्दांचं तर होतं. बाई आशेनं माझ्याकडे बघत होत्या.

"कंपनीत आहे," मी म्हणाले.

"कोणत्या?" त्यांनी विचारलं, आणि डब्याचं झाकण लावता लावता माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.